फुलीच्या विहिरीतले दर्याचे शंख

रिना, मी बोलते तसंच लिही. शाळेतलं चांगलं-चांगलं मधी घालू नको. आपली घरची बोली वेगळी, ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून मी अक्कलकुव्याच्या बाजारात बोलते तसं बोलते आहे. लिही. ही गोष्ट फुलीची. फुली म्हणजे माझी धाकटी सून, आमशाची बायको, तुझी काकी. हसू नको, तुला माहीत आहे पण वाचणाऱ्याला कुठं माहीत?

ती आली तिथून सांगते. आमशा तेव्हा भरूचकडं मिठागरावर कामाला जायचा. एकटा तोच नाही, आपल्या पाड्यातली निम्मी माणसं जायची. दिवाळी झाली, मका-ज्वारी घरात आली, की उदेसिंगची जीप दारात. उदेसिंग म्हणजे मुकादम, आपल्याच पाड्याचा, पण तळोद्याच्या बाजारात राहून-राहून अहिराणी झाडतो. "चाल, बठ जीपमा," म्हणायचा, की सगळी बसायची. गेली दर्याच्या काठाला. होळीला नाचायला परत यायची, आन् पुन्हा जायची ते पाऊस लागेपर्यंत.

अशाच एका होळीला जीपमधून आमशा उतरला, आन् त्याच्या मागं एक पोरगी उतरली. हडकुळी, सावळी, मान ताठ. धडगावकडची. तिचे आईबाप पण तिथंच मीठ ओढायचे. दोघांचं तिथं जमलं. आपल्यात याचा कोणी बाऊ करत नाही. पंच बसले, बोलणं झालं, लग्न लागलं.

पण बायका नवरी बघायला आल्या ना, तर सगळ्यांची नजर तिच्या गळ्यात. चांदी नाही, मणी नाही. दोऱ्यात ओवलेले शंख! देवाला फुंकतात तो फुगीर शंख नाही हां. हा बोटासारखा लांब, तोंडाशी जाड आन् शेवटाला सुई. अंगावर खालपासून वरपर्यंत पेच फिरलेले. सुताराच्या डब्यात स्क्रू असतो, तस्सा. मिठागरावर आपली माणसं त्याला स्क्रूच म्हणतात.

शेजारची दगूबाई, तिची जीभ तुला ठाऊक आहे. ती म्हणते, "अगं, आमशाने नवरी आणली का कपाटाचं सामान? गळ्यात स्क्रू घालून आली!"

सगळ्या हसल्या. मला वाटलं, आता ही पोरगी रडते. फुलीने माळेतला एक शंख धरला आन् म्हणली, "मावशी, एक देऊ का? तोंडाला बसवून घ्या, बंद राहील."

मी तोंडाला पदर लावून हसले. सासूने पहिल्या दिवशी हसू नाही म्हणतात, पण काय करू?

मग मी तिचे पाय बघितले. पोरी, ते तरुण बाईचे पाय नव्हते. मिठाच्या पाण्यात उभं राहून-राहून कातडं पांढरं पडलेलं, टाचांना अशा भेगा की त्यात दाणा रुतेल. मी मोहाचं तेल गरम करून लावायला बसले तर ती पाय ओढून घेते. "आई, तुम्ही कशाला?" मी म्हणले, "गप बस. नांगराच्या बैलाच्या खुराला लावते, तुला नको का?" त्या दिवसापासून आमचं जमलं.

चुलीपाशी बसली की ती दर्याच्या गोष्टी सांगायची. मी दर्या बघितला नाही, अजून नाही. ती सांगायची, मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात, ते अडवायला चिखलाच्या पाळी बांधतात. चिखल खणायचं काम बायकांचं. त्या चिखलात हा शंख जिवंत सापडतो. आत मऊ गोगलगाय असते. मी म्हणले, मग पानं खात असेल आपल्या पावसाळ्यातल्या गोगलगायीसारखी. तर नाही. ही फार हिंडत पण नाही. चिखलात स्वतःला पुरून घेते, तोंड तेवढं वरच्या अंगाला ठेवते, आन् बसल्या जागी पाणी आत ओढते. त्यात काय बारीक-सारीक असेल ते गाळून खाते, राहिलेलं पाणी सोडून देते. फुलीने एक शंख वाटीत चिखल-पाणी घालून ठेवला होता. म्हणली, सकाळी बघते तर शंख गायब, चिखलात गेला, फक्त वर एवढीशी खळी दिसते.

"आई, आपण उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणतो ना?" ती म्हणली. "खड्डा करायचा, बसायचं, पाणी झिरपलं की वाटीनं घ्यायचं, लुगड्यातून गाळायचं. ती गोगलगाय तेच करते. जन्मभर झिऱ्यावर बसलेली बाई आहे ती."

मी म्हणले, "बरं आहे तिचं. डोक्यावर हंडा घेऊन डोंगर तर चढावा लागत नाही."

"हो ना! घर पण पाठीवर, सासू पण नाही."

"अगं ए!" मी म्हणले, आन् दोघी हसलो.

आता विहिरीचं. एका वर्षी होळीला दोघं परत आली आन् फुली आपल्या खालच्या रानात जाऊन उभी राहिली. बराच वेळ उभी. मग आमशाला म्हणली, "इथं विहीर खणायची. पाणी असलं तर पावसानंतर हरभरा येईल, गहू येईल, कांदा येईल. मग दिवाळीला आपण जीपमधी कशाला बसायचं?"

आमशा माझा पोरगा, पण खरं सांगते, तो धीराचा नाही. म्हणला, "आन् पाणी नाही लागलं तर?"

"नाही लागलं तर बसेन जीपमधी. मुकाट्यानं. पुन्हा विहिरीचं नाव काढणार नाही."

"बघ हां, बोललीस."

"बोलले."

मी दारात बसून ऐकत होते. दरसाल मी जीपच्या मागं धूळ बघत उभी राहायचे. ही पोरगी ते थांबवायला निघाली होती, आन् सगळं एका खड्ड्यावर लावून बसली होती.

आपल्यात मोठं काम एकट्यानं करत नाहीत, लाह बोलावतात. ज्याच्या घरचं काम, त्यानं जेवण घालायचं, बाकी पाड्यानं हात लावायचा. घर बांधायचं असो, रान साफ करायचं असो. आन् एक रीत आहे, लाहचं जेवण जेवलं की काम पुरं केल्याशिवाय हत्यार खाली ठेवायचं नाही. लहान पोराला पण माहीत असतं हे.

तर लाह बसली. बायका-माणसं सगळी आली. उदेसिंग पण आला, जीप उभी ठेवून, खोटं का बोलू. विहीर झाली तर त्याची दोन माणसं कमी होणार, तरी आला. लाहला न येणारा माणूस आपल्या पाड्यात नाही. पहारी, टिकाव, घण, सगळं आलं. वरची माती निघाली, मग मुरूम, मग काळा दगड. काळ्या दगडानं दमवलं. रोज थोडं-थोडं खाली. एक दिवस काळा संपला आन् खाली पांढरट, चुन्यासारखा दगड लागला. माणसं खूश झाली, हा जरा मऊ होता.

तोवर ज्यानं-त्यानं घरची भाकरी आणलेली, पण काळा दगड संपला म्हणून त्या दिवशी मी लाहचं जेवण, उडदाची डाळ आन् भाकरी, करून ठेवली होती. जेवायला सगळे वर येणार, तेवढ्यात आमशाने खाली घण मारला आन् एक मोठी ढलपी निघाली. तगारीत घालून दोरानं वर पाठवली. वर धरणारा उदेसिंग होता. त्यानं तगारी घेतली, आन् बघतच राहिला.

दगडात स्क्रू. एक नाही, गच्च भरलेले. आडवे, उभे, एकावर एक, दगडाचेच झालेले, पण पेच तसेच्या तसे. मी माळ बघितली होती म्हणून मला लगेच ओळखू आले.

दगूबाई म्हणली, "राक्षसाचे दात आहेत. बुजवा तो खड्डा."

"दात नही, मावशी," उदेसिंग म्हणला. "हाऊ दर्याना स्क्रू शे." आन् मग सगळ्यांकडं वळून म्हणला, "मी पोरगा होतो तेव्हापासून मिठागरावर जातो. जिथं जिथं हा शंख बघितला, तिथं खारं पाणी. गोड्या पाण्यात बघितला का कोणी? सांगा. कोणी बघितला असेल तर सांगा."

कोण सांगणार? सगळी त्याच्याच जीपमधी बसून मीठ ओढलेली माणसं. सगळ्यांनी तो शंख खाऱ्या चिखलातच बघितला होता. ही चूक आपल्याच माणसांच्या हातून व्हायची, रिना. प्रकाशा गावाकडचा तापीकाठचा शेतकरी असता ना, तर त्यानं दगडातला शंख बघून हात जोडले असते नाहीतर बांधावर भिरकावला असता, आन् पुन्हा खणायला लागला असता. पण आपल्याला मीठ माहीत. मिठाची भीती पायात बसलेली.

उदेसिंगला वाईट वाटत होतं, हे पण लिही. त्यानं स्वतःचे पाय दाखवले. "मन्हा पाय देख, फुली. खाऱ्या पाण्याशी मी खोटं बोलत नाही. याच्यावर अजून घाम गाळू नको."

एक-एक माणूस हत्यार घेऊन घरी गेलं. जेवलं पण नाही कोणी. रिना, लाहचं जेवण तसंच राहणं म्हणजे काय असतं, तुला कसं सांगू. दारातून देव परत गेल्यासारखं वाटतं. डाळ तशीच, भाकरी तशाच.

आमशा वर आला, डोकं धरून बसला. म्हणला, "फुली, बोलली होतीस."

फुली म्हणली, "पाणी नाही लागलं तर, म्हणले होते. पाणी लागलंय कुठं अजून? खारं पण नाही लागलं, गोडं पण नाही. दगड लागलाय."

मग ती काय करते, त्या ढलपीजवळ बसली आन् दगड चाटायला लागली. मी धावत गेले, म्हणले पोरीचं डोकं फिरलं. "काय करतेस गं?"

"चव बघते."

"कसली आहे?"

"दगडाची."

मी पण चाटला. खरंच, नुसती दगडाची चव. तेवढ्यात दगूबाईने कुडातून बघितलं, आन् अंधार पडायच्या आत पाडाभर झालं, सासू-सुना दगड चाटत बसल्या आहेत म्हणून.

मी फुलीला म्हणले, "आपण दोघींनी चाटून कोण ऐकणार? पाड्यानं चाटायला पाहिजे."

हे मी आपलं रागानं म्हणले होते. पण तिनं माझ्याकडं अशी मान वळवून बघितलं. म्हणली, "आई, मोठं भांडं कुठं आहे? लग्नाचं?"

सकाळी उठून तिनं दगडातले शंख ठोकून-ठोकून मोकळे केले. पाटी भरून. धुतले. मोठ्या भांड्यात पाणी, पाण्यात ते शंख, वरून उडदाची डाळ. मिरची, लसूण सगळं घातलं. मीठ नाही. कणभर नाही. मिठाचं मडकं तिनं माझ्या हातात दिलं आन् म्हणली, "हे लपवा. तुमचा हात सवयीनं जाईल." माझा हात खरंच जात होता!

पण ती डाळ शिजेना. लाकडं जळाली, दुपार झाली, डाळ आपली टणक. आमशा येऊन भांड्यात डोकावला. "हे काय आहे?"

"जेवण."

"दगडाचं?"

"तू बोलावणं कर जा. म्हणावं, कालचं लाहचं जेवण राहिलं, ते राहू देत नाहीत. जेवून जा."

आता रीतीचं बोलावणं, त्याला नाही कोण म्हणणार? उलट काल न जेवता गेले म्हणून माणसांना पण कुठं बरं वाटत होतं? सगळी आली. पंगत बसली. फुली वाढायला उभी, पळीनं वरची-वरची डाळ घ्यायची, तळाला पळी जाऊ द्यायची नाही. मी भाकरी वाढत होते.

पहिला घास गेला. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पाहुणचाराला नाव ठेवायचं नसतं, म्हणून कोणी बोलेना. चावतायत, गिळतायत. शेवटी उदेसिंगनंच तोंड उघडलं. बरोबर आहे, जन्म मिठात गेलेला.

"फुली, मीठ टाकानं भुलनी का व?"

"का काका? अळणी लागते?"

"अळणी? अगं, पाणी पितोय असं वाटतं! ये दगूबाई, तूच सांग."

दगूबाई म्हणली, "मला वाटलं माझीच जीभ गेली."

"तुझी जीभ जायला वेळ आहे," कोणीतरी म्हणलं, आन् हशा झाला.

फुलीने मग पळी तळाला घातली. पूर्ण भरून वर काढली, आन् उदेसिंगच्या पानात ओतली. खणखणखण! शंख पडले. "घ्या काका. हा जिथं, तिथं खारं म्हणालात ना? सकाळपासून उकळते आहे. अजून पाहिजे का? तळाला लई आहे."

रिना, त्या वेळचं पाड्याचं तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकाचा घास हातातच राहिला. दगूबाई थू-थू करायला लागली, "बाई गं, राक्षसाचे दात खाल्ले मी!" उदेसिंगनं एक शंख उचलला, चोखला, नीट चोखला, पोरं बोर चोखतात तसा. मग म्हणला, "शिजवलेलं वेगळं, जमिनीतलं वेगळं."

"मग जमिनीत उतरून दाखवा," फुली म्हणली. "जेवलात ना?"

जेवली होती सगळी. लाहचं जेवण. हत्यार उचलावंच लागणार होतं.

उदेसिंग असा हसला, पोट धरून हसला. "या बाईनी आमले फसाडं रे!" म्हणला, आन् स्वतः उठून पहार उचलली.

मग काय, खणणं सुरू झालं. शंखाचा थर केवढा मोठा! तगाऱ्याच्या तगाऱ्या वर येत होत्या. पोरांनी बांधावर ढीग केला. आपल्या डोंगरात ही दर्याची वस्तू आली कशी, म्हणून माणसं विचार करायची. तुझ्या पुस्तकात आहे म्हणे, लई लई आधी इथं दर्या होता. तेव्हा आम्हाला पुस्तकातलं काय माहीत? फुली खालून ओरडून म्हणायची, "दर्या होता इथंच! पण पोटाला पुरेना म्हणून तो पण गुजरातला गेला, काकाच्या जीपमधी बसून!" वरून सगळी हसायची, उदेसिंग सगळ्यात मोठ्यानं.

हसणं वरवरचं होतं पण. खाली अजून कोरडंच. एक-एकाच्या मनात होतं, अळणी डाळीवर आपण एवढं खणतोय, आन् खारं निघालं तर? फुलीच्या तर जास्तच. ती जेवायची नाही धड. मी विचारलं, "पाणी खारं निघालं तर काय करशील?" म्हणली, "बोलले आहे ना आई. जीपमधी बसेन." आन् घण उचलून पुन्हा खाली गेली. तिनं एकदा पण असं म्हणलं नाही, की नाही जाणार. शब्दाची पक्की पोरगी.

शंखाचा थर संपता-संपता एका सकाळी दगड ओला लागला. मग भेगेतून पाझर, मग धार. आमशा खालून ओरडला. सगळा पाडा काठावर. पाणी गढूळ होतं, चुन्यासारखं, म्हणून तांब्या भरून थोडा वेळ बाजूला ठेवला. कोणी हात लावेना. सगळी त्या तांब्याकडं बघत उभी. चूल पेटलेल्या घरातली बाई पण चूल सोडून आली.

निवळलं तसं आमशाने तांब्या फुलीपुढं धरला. तिनं घेतला, आन् मला वाटलं पिते. नाही. ती सरळ उदेसिंगपाशी गेली.

"काका, तुम्ही आधी. मीठ तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. तुम्ही सांगाल ते खरं."

असं कोणी करतं का गं? ज्याच्या जीपमधी बसायचं नाही म्हणून सगळा खटाटोप, त्याच्याच हातात निवाडा! पण तिला ठाऊक होतं, उदेसिंग जिभेनं कितीही बोलो, पाण्याशी खोटं बोलणार नाही.

त्यानं एक घोट घेतला. तोंडात धरला. डोळे मिटले. मी लुगड्याचा पदर मुठीत एवढा आवळला की किनार फाटली. त्यानं गिळलं. दुसरा घोट घेतला. मग मान मागं टाकून आख्खा तांब्या प्यायला, थेंब ठेवला नाही.

"अरे, बोल की!" दगूबाई ओरडली.

"गोडं शे," तो म्हणला. "गोडं शे, मन्ही माय."

मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. ढोल कोणी आणला माहीत नाही. आमशा रडत होता. फुली तशीच उभी, चिखलानं माखलेली, आन् एवढी ताठ की मला वाटलं ही आज उंच झाली. मी तिच्याजवळ गेले आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले, "ही माझी सून आहे." सगळ्यांना ठाऊकच होतं. तरी म्हणले.

आता खरं ते सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको म्हातारी फुगवून सांगते. त्या पाण्यात दगडाचा चुना उतरतो, डाळ लवकर शिजत नाही. अजून नाही. दगूबाई दर आठवड्याला ऐकवते. पण हंडा तिथंच येऊन भरते, नदीवर जात नाही. पाड्यातल्या कुठल्याच बाईला आता उन्हाळ्यात नदीत उतरावं लागत नाही. फुलीने विहिरीला दार केलं नाही, कुंपण केलं नाही. म्हणली, खणली सगळ्यांनी, पाणी सगळ्यांचं.

त्या साली पाऊस झाला, मका निघाली, दिवाळी झाली. खालच्या रानात हरभरा पेरला होता, हाताएवढा आला होता. इंजिन लावून पाणी चालू होतं. आन् सकाळी जीपचा भोंगा वाजला. सवयीनं आपल्या दारात थांबली ती.

"आमशा! चाल, बठ जीपमा!"

आमशा वाफ्यात उभा, हातात फावडं. त्यानं फुलीकडं बघितलं. फुलीने मान पण वर केली नाही, तिथूनच ओरडली, "काका, आमशाला आज वेळ नाही. पाणी भरतोय तो!"

"आन् तू?"

"मी त्याची मुकादम आहे ना! मी कशी येऊ?"

जीपमधली माणसं हसली. उदेसिंगनं हात वर केला, आन् जीप खाली वळणाकडं निघाली. एवढी वर्षं मी त्या जीपच्या मागं धूळ बसेपर्यंत उभी राहिले असेन. त्या दिवशी ती वळणावरून कधी दिसेनाशी झाली ते मला माहीत नाही. पाट फुटला होता, पाणी बांधावरून चाललं होतं, आन् फुली ओरडत होती, "आई, माती टाका, माती टाका!"